वाटी, चमचा आणि ग्रॅम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगली भागातून मापांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत, अवघड आणि अपवादाचे पुढे आहेत. ज्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे दिलं आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेगळं सांगितलं नसेल तर सगळे आकडे सपाट भरलेल्या मापाचे आहेत. धान्याची जात, दळण आणि हवा यांमुळे त्यांत पाच ते दहा टक्के इकडेतिकडे होणारच, हे धरून चालावं.

१. एक वाटी म्हणजे किती ग्रॅम? एकच आकडा सांगा.

एकच आकडा नाही. वाटी जागा मोजते आणि ग्रॅम वजन मोजतात. १५० मिलीलीटरच्या एकाच वाटीत पाणी १५० ग्रॅम बसतं, साखर साधारण १२७, कणीक ८०, मध २१० आणि चुरमुरे जेमतेम १० ग्रॅम. म्हणून कुणी 'एक वाटी' म्हटलं की दोन प्रश्न विचारायचे: कशाची वाटी, आणि केवढी वाटी? या दोन्हींची उत्तरं मिळाली की पुढचा हिशोब सोपा आहे (प्रश्न २ आणि ३).

२. माझ्या घरातली वाटी किती मिलीलीटरची आहे हे कसं काढायचं?

घरात काटा असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. कोरडी वाटी काट्यावर ठेवा, शून्य करा, पाणी अगदी काठोकाठ भरा. जितके ग्रॅम येतील तितके मिलीलीटर, कारण १ मिलीलीटर पाण्याचं वजन १ ग्रॅम असतं. वाटी भरून मग उचलून काट्यावर ठेवू नका, वाटेत पाणी सांडतं आणि आकडा कमी येतो. काट्यावर ठेवूनच भरा.

काटा नसेल तर १ लीटरची सीलबंद पाण्याची बाटली घ्या आणि तिच्यातून किती वाट्या भरतात ते मोजा. १००० भागिले वाट्यांची संख्या, हे तुमच्या वाटीचं माप. सहा वाट्या भरून सातवी पाऊण झाली, तर १००० ÷ ६.७५ म्हणजे १४८, व्यवहारात १५० मिलीलीटर. बाटली सीलबंदच हवी. रिकामी बाटली नळाखाली तोंडापर्यंत भरली तर तिच्यात लीटरपेक्षा जास्त पाणी बसतं. अर्ध्या लीटरची दुधाची पिशवीही याच कामाला चालते.

आलेला आकडा वाटीच्या बुडाला न पुसणाऱ्या पेनाने लिहून ठेवा आणि मापाला कायम तीच वाटी वापरा. लग्नात आहेर आलेल्या सहा वाट्या दिसायला सारख्या असल्या, तरी वेगवेगळ्या संचांतल्या वाट्यांत २०-३० मिलीलीटरचा फरक सर्रास असतो.

३. मग कोणत्या जिन्नसाचं वजन किती धरायचं?

खालचे आकडे १०० मिलीलीटरचे आहेत, म्हणजे ते कोणत्याही वाटीला लावता येतात. आकड्याला आपल्या वाटीच्या मिलीलीटरने गुणा आणि १०० ने भागा.

- पाणी १००, दूध १०३, दही १०३ ते १०५, तेल ९१, पातळ तूप ९०-९१, मध १४०
- साखर ८५, चाळलेली पिठीसाखर ५०, किसलेला गूळ सैल ६५ आणि दाबून ९०
- कणीक ५३, मैदा ५२, ज्वारीचं आणि बाजरीचं पीठ ५०, तांदळाची पिठी ६५, बारीक रवा ७०
- बेसन चाळलेलं ४०-४५, डब्यातलं बसलेलं ५०-५५
- तांदूळ ८०, तूरडाळ आणि हरभराडाळ ८४, घेवडा ७८
- शेंगदाणे ६२, दाण्याचं कूट ४५ ते ५०, साबुदाणा ६५ ते ७०, बेदाणे ६०
- ओलं खवलेलं खोबरं ३४, जाड पोहे ३५ ते ४०, पातळ पोहे २० ते २५, चुरमुरे ६ ते ८
- बारीक मीठ १२०

उदाहरणार्थ, वाटी १८० मिलीलीटरची आहे आणि रवा हवा आहे: ७० × १८० ÷ १०० = १२६ ग्रॅम. उलटही करता येतं. २५० ग्रॅम रवा किती वाट्या? २५० ÷ १२६ म्हणजे दोन वाट्या, अगदी किंचित कमी.

४. मी आणि माझ्या जाऊबाई एकाच वाटीने कणीक मोजतो, तरी पोळ्या सारख्या होत नाहीत. वाटी तर तीच आहे!

वाटी तीच असली तरी भरण्याची रीत वेगळी असणार. पिठात हवा असते. ती किती दाबली जाते यावर सगळं अवलंबून आहे. १५० मिलीलीटरच्या वाटीत पीठ चमच्याने हलकं सोडून वर सुरीची पाठ फिरवली, तर ८० ग्रॅम कणीक बसते. तीच वाटी डब्यात खुपसून, डब्याच्या कडेला दाबत वर काढली तर ९५ ग्रॅमपर्यंत जाते. चार वाट्यांत ६० ग्रॅमचा फरक, म्हणजे पाऊण वाटी कणीक जास्त आणि पाणी मात्र तेवढंच. कणीक घट्ट येणारच.

यावर आणखी शीग असते ती वेगळीच. पसरट तोंडाच्या वाटीवर पिठाची किंवा तांदळाची शीग राहिली की माप सहज सव्वापट होतं. जुन्या पाककृतींत 'वाटी' म्हणजे पुष्कळदा शिगेचीच वाटी असते. सासूबाईंच्या हातचं प्रमाण उतरवून घेताना 'सपाट की शिगेची?' हे विचाराच. जमलं तर त्यांना त्यांच्या रीतीने वाटी भरू द्या आणि तीच काट्यावर ठेवून आकडा लिहून घ्या. पाककृती जपायचा याहून चांगला मार्ग नाही.

आमची शिफारस: पीठ आधी चमच्याने डब्यातच हलवून मोकळं करा, चमच्याने वाटीत सोडा, वाटी आपटू नका, वर सुरी फिरवा. साखर, रवा, तांदूळ, डाळ यांना आपटण्याने फारसा फरक पडत नाही. फक्त शीग काढा म्हणजे झालं.

५. सगळंच वाटीने घेतलं तर ग्रॅमची गरजच काय?

कित्येक पदार्थांत खरंच नाही. शंकरपाळ्यांचं एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध आणि मावेल तेवढा मैदा हे प्रमाण ग्रॅममध्ये नेण्यात काही अर्थ नाही. एकच वाटी सगळ्याला वापरली की वाटी १२० ची असो की २०० ची, प्रमाण तेच राहतं. 'मावेल तेवढा' या दोन शब्दांत मैद्याचा ओलावा, दळण, हवा हे सगळं सामावलेलं आहे. कुणी अनुभवी बाईने विचारपूर्वक ठेवलेली ती मोकळीक आहे. तिथे ग्रॅमचा आकडा घालून ती बंद करू नये.

ग्रॅम लागतात ते चार ठिकाणी: पाककृतीत वाटी आणि किलो मिसळलेले असतील तेव्हा, केक-पाव करताना, लोणच्यासारख्या टिकाऊ पदार्थाच्या मिठासाठी, आणि प्रमाण पाच-दहापट वाढवायचं असेल तेव्हा.

६. पुरणाला 'डाळीइतकाच गूळ' म्हणतात. ते वाटीने की वजनाने?

हा प्रश्न होळीच्या आणि श्रावणाच्या आधी हमखास येतो. दोन्ही रीती घराघरांत चालतात, पण गोडी सारखी येत नाही. १५० मिलीलीटरच्या वाटीत हरभराडाळ १२६ ग्रॅम बसते, सैल किसलेला गूळ साधारण ९८ ग्रॅम. म्हणजे १ किलो डाळीच्या आठ वाट्या होतात आणि आठ वाट्या गूळ भरतो ७८० ग्रॅम. वजनाने 'तितकाच' घेतला असता तर १ किलो. मध्ये पावकिलोला थोडाच कमी इतका फरक आहे.

वाटीने सम-सम घेतलं की पुरण मध्यम गोड आणि आटायला सोपं. वजनाने सम-सम घेतलं की चांगलं गोड, पण गूळ वितळून पुरण आधी पातळ होतं आणि ते चटका देऊन जास्त वेळ आटवावं लागतं. ते नीट आटलं नाही तर पोळी लाटताना फुटते. दोष मग पिठाला दिला जातो.

एक चूक मात्र टाळा: गूळ शिजलेल्या डाळीच्या वाटीवर मोजू नका. प्रमाण कच्च्या, कोरड्या डाळीचं असतं. शिजून निथळलेली डाळ आकाराने दुपटीहून जास्त होते.

७. ढेपेचा गूळ, किसलेला गूळ, गुळाची पावडर: तिन्हींची वाटी सारखीच ना?

नाही. सुऱ्याने फोडलेल्या खड्यांमध्ये मोठाल्या फटी राहतात, त्यामुळे वाटी भरलेली दिसते पण वजन कमी भरतं. किसलेल्यात फटी कमी. मऊ, चिकट गूळ दाबून भरला तर जवळजवळ दीडपट बसतो. पावडर कोरडी असते, तिचं माप त्यातल्या त्यात स्थिर. म्हणून गूळ शक्यतो वजनानेच घ्यावा. वजन नसेल तर किसून, सैल, सपाट वाटी, हे एकच ठरवून त्यालाच धरून राहावं.

८. चहाचा चमचा, पोह्यांचा चमचा, पळी, डाव: यांचं काय?

मापाचा लहान चमचा ५ मिलीलीटरचा आणि मोठा १५ मिलीलीटरचा. लहानाचे तीन म्हणजे मोठा एक. घरातला चहाचा चमचा साधारण ५ च्या जवळ असतो, पण ३ ते ७ पर्यंत काहीही निघतो. पोह्यांचा चमचा बहुधा १० च्या आसपास भरतो, म्हणजे तो मोठा चमचा नव्हे. पाककृतीत 'मोठा चमचा' असेल आणि तुम्ही पोह्यांच्या चमच्याने घेतलंत, तर माप तिसऱ्या हिश्शाने कमी पडतं. पळी आणि डाव यांना ठरावीक माप नाही.

तपासायला औषधाच्या दुकानातली ५ किंवा १० मिलीलीटरची सुई नसलेली सिरिंज घ्या. चमच्यात पाणी सोडत जा, काठाला आलं की थांबा आणि आकडा वाचा. सर्दीच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणा असलेलं झाकणही चालेल.

ऑस्ट्रेलियातल्या पाककृतींत मोठा चमचा २० मिलीलीटरचा धरतात, हे तिकडची पाककृती वाचताना लक्षात ठेवावं.

९. एक चमचा हळद, तिखट, मीठ म्हणजे किती ग्रॅम?

सपाट ५ मिलीलीटरच्या चमच्यात: हळद ३ ग्रॅम, लाल तिखट अडीच, जिरे २, धणेपूड पावणेदोन ते दोन, मोहरी ३ ते साडेतीन, बारीक मीठ ६, खाण्याचा सोडा ५, बेकिंग पावडर ४ ते साडेचार, कोरडं यीस्ट ३.

कांदा-लसूण मसाल्याला असा आकडा देता येत नाही. कांदा, लसूण, खोबरं आणि तेल किती, डंकावर कुटलेला की गिरणीत दळलेला, यावर त्याचा ओलसरपणा आणि वजन बदलतं. आपल्या घरच्या मसाल्याचे दहा सपाट चमचे एकदम तोला आणि दहाने भागा. एकच चमचा तोलू नका, कारण १ ग्रॅमच्या पायरीने चालणारा काटा २ आणि ३ ग्रॅममधला फरक दाखवू शकत नाही.

१०. चिमूटभर, मूठभर, लिंबाएवढी चिंच, सुपारीएवढा गूळ: यांचे ग्रॅम असतात का?

अंदाज असतो. दोन बोटांची चिमूट मीठ साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आत. बंद मूठ शेंगदाणे ३० ग्रॅमच्या आसपास. लिंबाएवढी चिंच २० ते ३० ग्रॅम, सुपारीएवढा गूळ ८ ते १०. हात लहान-मोठे असतात, पण हे सगळे जिन्नस शेवटी चव घेऊनच ठरवायचे असतात, त्यामुळे इथे नेमकेपणाचा आग्रह नको.

११. तेल किलोने घ्यावं की लीटरने? अर्धा किलो तेल म्हणजे अर्धा लीटर का?

नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. १ लीटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि अर्धा किलो तेल म्हणजे जवळजवळ ५५० मिलीलीटर. पिशवीवर बहुधा दोन्ही आकडे छापलेले असतात. दोन पिशव्यांच्या किमतींची तुलना करताना फक्त ग्रॅमचा आकडा बघा. लाकडी घाण्यावरून सुटं शेंगदाणा तेल किलोने मिळतं आणि दुकानातली पिशवी लीटरची असते. तिथे भाव पाहताना किलोच्या दराला ०.९१ ने गुणलं की लीटरचा दर हाती येतो.

तुपाचं वेगळंच आहे. 'एक वाटी तूप' हे पातळ तूप की थिजलेलं, हे पाककृतीत क्वचितच लिहिलेलं असतं. थिजलेलं रवाळ तूप वाटीत चमच्याने भरलं की मध्ये पोकळ्या राहतात आणि ते वितळल्यावर वाटी भरत नाही. मोहनासाठी तूप आधी पातळ करून मग मोजा, त्यानंतर कडकडीत तापवा.

१२. डेअरीवर दूध किलोत मोजून लीटरमध्ये का लिहितात? आणि घरी १ लीटर म्हणजे १ किलो धरलं तर?

दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं: १ लीटर म्हणजे साधारण १.०३ किलो. संकलन केंद्रावर काट्यावर वजन करून त्याला १.०३ ने भागलं की लीटर मिळतात. १० किलो दुधाचे ९.७ लीटर. लॅक्टोमीटरवर २८ दिसतं, तेव्हा त्याचा अर्थ घनता १.०२८ असाच असतो. घरच्या स्वयंपाकात १ लीटरला १ किलो धरलं तरी काहीच बिघडत नाही.

१३. कंदी पेढ्यासाठी १ किलो खवा लागतो. दूध किती लीटर घ्यावं? साखर कशावर मोजावी?

म्हशीच्या १ लीटर दुधातून साधारण २०० ते २२० ग्रॅम खवा पडतो, म्हणजे १ किलो खव्याला पाच लीटर दूध धरून चाला. गाईच्या दुधातून कमी पडतो, तिथे साडेपाच ते सहा लीटर लागतील.

साखरेचं प्रमाण १ किलो खव्याला २५० ते ३०० ग्रॅम चांगलं बसतं. मेख इथे आहे की साताऱ्याचा कंदी पेढा खमंग भाजलेला असतो आणि भाजताना खव्यातलं पाणी उडून वजन घटतं. प्रमाण भाजण्याआधीच्या खव्यावर आहे की नंतरच्या, हे आधी ठरवा. आधीच्या वजनावर मोजलेली साखर भाजलेल्या खव्यात जास्त गोड लागते. आमच्या मते भाजून, थंड करून, पुन्हा तोलून मग पिठीसाखर घालावी. वाटीने मापायचं असेल तर खव्याच्या बाबतीत तो नाद सोडा. खवा दाबला तसा दबतो आणि वाटीला काही अर्थ उरत नाही.

श्रीखंडाचंही तसंच. दह्यावर साखर मोजू नका, टांगून उरलेल्या चक्क्याच्या वजनावर मोजा. १ किलो दह्यातून चक्का ३५० ग्रॅम निघेल की ५००, ते दह्याच्या घट्टपणावर आणि किती वेळ टांगलं यावर ठरतं.

१४. भडंगासाठी 'अर्धा किलो चुरमुरे' लिहिलंय. किती वाट्या?

वाट्या मोजत बसू नका, पातेलं मोजा. अर्धा किलो चुरमुरे सुमारे सात लीटर जागा घेतात. १५० मिलीलीटरच्या वाट्या पंचेचाळीसच्या पुढे जातील आणि मोजताना एखाददुसरी चुकणारच. घरातलं मोठं पातेलं किती लीटरचं आहे हे प्रश्न २ प्रमाणे एकदा काढून ठेवा, मग 'एक पातेलं' हेच तुमचं माप. भडंगाचे चुरमुरे मोठे आणि फुललेले असतात, भेळेचे बारीक. मोठ्यांचं माप आणखी हलकं भरतं.

उरलेले जिन्नस मात्र वाटीत सोपे आहेत: २०० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे १५० मिलीलीटरच्या दोन वाट्यांहून किंचित जास्त. मीठ-तिखट चुरमुऱ्यांच्या वजनावर घाला, आकारावर नको. पातेलं भरलेलं बघून हात सैल सुटतो आणि भडंग खारट होतं. खालच्या थरातलं मीठ तर वर दिसतही नाही.

१५. गिरणीतून आणलेलं ताजं पीठ आणि पंधरा दिवसांचं पीठ, वाटी सारखीच भरते का?

ताजं दळण गरम आणि फुललेलं असतं. वाटीत कमी बसतं. डब्यात राहून ते स्वतःच्या भाराने बसतं, आणि डब्याच्या तळाची वाटी वरच्या वाटीपेक्षा जड भरते. मोजण्याआधी पीठ खालीवर करा (भरण्याची रीत प्रश्न ४ मध्ये आहे).

१६. हवेमुळे फरक पडतो का? आमचं माहेर जतचं आणि सासर महाबळेश्वरचं.

पडतो. पीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. महाबळेश्वर-पाटणच्या पावसाळ्यात उघड्या डब्यातलं पीठ आटपाडी-जतच्या कोरड्या हवेतल्या पिठापेक्षा ओलसर असतं. २०० ग्रॅम दोन्हीकडे २०० ग्रॅमच, पण ओलसर पिठात पाणी आधीच थोडं आहे. त्यामुळे मळताना पाणी कमी लागतं. वजनाने मोजूनही हा फरक भरून निघत नाही. पाणी सगळं एकदम न ओतता शेवटचे दोन-तीन चमचे हाताला लागेल तसे घालणं, हाच उपाय. मीठ आणि गूळ पावसाळ्यात पाझरतात, त्यांचीही वाटी जड भरते.

१७. आजीच्या वहीत 'एक चिपटं तांदूळ', 'अर्धी पायली ज्वारी' असं आहे. याचे किलो कसे करायचे?

ही सगळी आकाराची मापं: २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. उतरंड सगळीकडे हीच, पण पायलीचा प्रत्यक्ष आकार गावागणिक वेगळा असे. त्यात मापाचा शेर वेगळा आणि वजनाचा शेर वेगळा. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. शेर ऐकला की लगेच ९३३ लिहू नका, आधी तो कोणता शेर ते बघा. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण घरातली मापटी पुढे कितीतरी वर्षं वापरात होती, म्हणून त्यानंतरच्या वह्यांतही ही नावं सापडतात.

ते मापटं किंवा चिपटं घरात अजून असेल, तर ते तांदळाने भरून तोला. आलेल्या वजनाला ०.८ ने भागलं की त्याचे मिलीलीटर मिळतात, मग कोणताही जिन्नस प्रश्न ३ च्या आकड्यांनी काढता येईल. लाकडी माप पाण्याने भरू नका, ते पाणी पितं आणि तडकतं. वस्तू उरलीच नसेल तर वहीतल्या पदार्थातलं आपसातलं प्रमाण तेवढं धरा. पायलीला चार शेर हे नातं पक्कं आहे आणि पदार्थ जमायला तेवढं पुरतं.

१८. इंग्रजी पाककृतीतला 'कप' म्हणजे आपला चहाचा कप का?

नव्हे. अमेरिकी कप सुमारे २४० मिलीलीटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा. आपला चहाचा कप १०० ते १५० मिलीलीटरचा असतो, त्याने केक कधीच जमणार नाही. बाजारात मिळणारे मापाचे कप कधी २४० चे, कधी २५० चे असतात, बुडाशी आकडा पाहा. एकच संच सगळ्याला वापरला तर हा चार टक्क्यांचा फरक सोडून देता येतो.

अमेरिकी कपात मैदा १२० ते १२५ ग्रॅम, साखर २००, लोणी २२७. 'एक स्टिक बटर' म्हणजे ११३ ग्रॅम. आपल्याकडची छोटी वडी १०० ग्रॅमची असते, ती पूर्ण आणि वर जवळजवळ एक मोठा चमचा. केक कोरडा होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे दाबून भरलेला मैद्याचा कप. त्यात १५० ग्रॅम मैदा जातो आणि दोन कपांत ५० ग्रॅम जास्त होतो.

१९. राइस कुकरबरोबर आलेला कप वेगळाच का वाटतो?

तो १८० मिलीलीटरचा असतो, साधारण १५० ग्रॅम तांदूळ. कुकरच्या आतल्या पाण्याच्या खुणा त्याच कपाला धरून असतात. तो हरवला तर तांदूळ १५०-१५० ग्रॅम तोलून घ्या, खुणा बरोबर लागू पडतील.

२०. प्रमाण कच्च्याचं आहे की शिजलेल्याचं, हे लिहिलेलं नसतं. काय धरावं?

आपल्याकडच्या पाककृतींत धान्य-कडधान्य कोरडं आणि भाज्या निवडून-चिरून धरायची रीत आहे. १०० ग्रॅम तांदळाचा २५० ते ३०० ग्रॅम भात होतो. १०० ग्रॅम कोरेगावचा वाघ्या घेवडा भिजून साधारण दुप्पट भरतो आणि शिजल्यावर त्याहून थोडा जास्त. 'एक वाटी भिजवलेला घेवडा' असेल तर अर्ध्या वाटीहून कमीच कोरडा भिजत घाला.

मसाल्याच्या मिरचीत असाच घोळ होतो. १ किलो मिरची देठासह की देठ काढून, उन्हात वाळवण्याआधी की नंतर? देठ आणि ओलावा दोन्ही वजनातून जातात, पण धणे-खोबरं मात्र तेवढंच पडतं आणि मसाला मिळमिळीत होतो. प्रमाण देणाऱ्याला विचारा. विचारता येत नसेल तर देठ काढून वाळवलेली मिरची १ किलो धरा.

२१. स्ट्रॉबेरी, बेदाणे, भाज्या कपाने मोजाव्यात का?

फळांना कप हे माप नव्हे. अमेरिकी कपात अख्ख्या स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम बसतात, चिरलेल्या १६६ आणि गर केला तर २३०. फळ तेच, कप तोच. जॅममध्ये साखर फळाच्या वजनावर ठरते, तिथे हा फरक थेट जॅम पातळ किंवा दगडासारखा करतो. देठ काढून, धुऊन, निथळून मग तोला. बेदाणे सुके आणि सुटे असतील तर १०० मिलीलीटरला ६० ग्रॅम, चिकट आणि दाबलेले असतील तर ७० पर्यंत.

२२. लोणच्याचं मीठ वाटीने घेतलं तर चालेल? बारीक आणि खडे मीठ सारखंच ना?

इथे आम्ही ठाम आहोत: लोणच्याचं मीठ तोलूनच घ्या. १५० मिलीलीटरच्या वाटीत बारीक मीठ १८० ग्रॅम बसतं, खडे मीठ खड्यांच्या आकाराप्रमाणे १५०-१६० ग्रॅमच. कैरीच्या १ किलो फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ घालतात. खालच्या टोकाला असताना खडे मीठ वाटीने मोजलं आणि वाटी जरा सैल भरली, तर लोणच्याला बुरशी धरते. आज्या खडे मीठ घरी वाटून, त्याच वाटीने घेत, म्हणून त्यांचं जमत असे. आपण दुकानातलं बारीक मीठ त्यांच्या वाटीने घेतो तेव्हा माप आधीच बदललेलं असतं.

२३. पाककृतीत औंस आहेत. ग्रॅम की मिलीलीटर?

कोरड्या जिन्नसाला औंस म्हणजे २८ ग्रॅम. पातळ जिन्नसाला 'फ्लुइड' औंस म्हणजे अमेरिकेत साधारण ३० मिलीलीटर.

२४. काटा कोणता घ्यावा? आमचा काटा कधीकधी भलताच आकडा दाखवतो.

५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅमच्या पायरीचा डिजिटल काटा घरकामाला पुरतो. भलता आकडा येण्याची नेहमीची कारणं अशी: काटा हलत्या किंवा तिरप्या ओट्यावर असणं, वर पंखा चालू असणं, सेल उतरणं, आणि एककाचं बटण चुकून दाबलं जाऊन ग्रॅमऐवजी औंस सुरू होणं. २०० ग्रॅम साखर घातली आणि काटा ७ दाखवतोय, तर तो औंस सांगतोय.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अगदी थोडं थोडं मीठ किंवा सोडा भुरभुरत टाकलं तर बरेच काटे ते मोजतच नाहीत, शून्यावरच राहतात. अशा वेळी जिन्नस वेगळ्या वाटीत काढून ती वाटी एकदम काट्यावर ठेवा.

तपासणीसाठी रिकामं भांडं ठेवून शून्य करा आणि सिरिंजने १० मिलीलीटर पाणी दहा वेळा सोडा. १०० ग्रॅम, फार तर एखादा ग्रॅम इकडेतिकडे, यायला हवं. पाच ग्रॅम चुकलं तर सेल बदलून पुन्हा बघा.

२५. चार माणसांचं प्रमाण पन्नास जणांना न्यायचं आहे. वाट्या साडेबारापट करू का?

आधी एकदाच ग्रॅम करा, मग गुणा. वाटीत दहा टक्क्यांची चूक असेल तर ती तोलणीत सापडते, साडेबारा वेळा वाट्या भरताना ती साचत जाते आणि मोजणीही चुकते. तांदूळ माणशी ७५ ते १०० ग्रॅम, म्हणजे पन्नास जणांना ४ ते ५ किलो. धान्य, डाळ, गूळ, रवा सरळ गुणाकाराने वाढवा. मीठ आणि तिखट गुणाकाराच्या ऐंशी टक्के घालून चव बघा, उरलेलं मागाहून. पाणी तर गुणाकाराने कधीच नको: मोठ्या पातेल्यातून वाफ त्या मानाने कमी जाते, त्यामुळे आमटी पातळ राहते. पाऊण पाण्यावर सुरुवात करा आणि बाजूला आधणाचं पातेलं ठेवा.